बुडायला तयार असलेली दरी

जळगाव स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते. मी सामान खाली घेतलं, घाईघाईने उतरले आणि सवयीने मागे वळून विचारलं, "लेव्हल घेतलीत का?" मागे कोणी नव्हतं. एक हमाल माझ्याकडे बघत उभा होता. माझ्याबरोबर वर्षानुवर्षं प्रत्येक धरणाच्या जागेवर येणारे आमचे सर्वेक्षक कुलकर्णी दिवाळीत निवृत्त झाले होते, आणि त्यांच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं. लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा मोजायचं यंत्र, माझ्याच खांद्यावर लटकत होती.

माघ संपत आला होता, तरी सकाळी गारवा होता. सोन्याच्या पेढ्यांची शटरं अजून खाली होती, पण डाळ मिलच्या बाजूने तुरीच्या कोंड्याचा वास येऊ लागला होता. ठिबकच्या आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांनी भरलेले ट्रक एकामागून एक शहराबाहेर पडत होते. एवढ्या नळ्या जातात कुठे, असं मनात आलं, आणि मग हसू आलं. त्यांत सोडायला पाणी कुठे साठवता येईल हेच शोधायला मी आले होते.

काम साधं होतं. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या काही गावांसाठी लहान पाणीयोजना व्हायच्या होत्या. उन्हाळ्यात नद्या-नाले आटतात, म्हणून पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी एखाद्या छोट्या धरणात अडवून ठेवायचं आणि तिथून शुद्धीकरणाला न्यायचं. शुद्ध न केलेल्या या पाण्याला आमच्या कामात कच्चं पाणी म्हणतात. मला तीन जागा बघायच्या होत्या. एक जळगावजवळची, एका गटातल्या गावांसाठी. उरलेल्या दोन धुळे जिल्ह्यात, नरडाण्याच्या बाजूला. त्या दोहोंपैकी एकच निवडायची होती.

जीपचे चालक एकनाथभाऊ स्टेशनबाहेर उभे होते. पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेले, अत्यंत कमी बोलणारे. "मॅडम ना?" एवढं विचारून त्यांनी माझी बॅग मागे टाकली. पुढचा तासभर त्यांनी दुसरा शब्द उच्चारला नाही.

पहिली जागा नशिराबादच्या पुढे, हमरस्त्यापासून आत होती. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून एक रुंद, आळशी नाला. मी जमिनीत भोक पाडायचं हातगिरमिट घेऊन बसले आणि माती काढू लागले. काळी माती, मग पिवळी माती, मग पुन्हा माती. गिरमिटाच्या सगळ्या नळ्या जोडून झाल्या तरी धरणाच्या पायाला हवा तो खडक लागेना. बांधावर एक म्हातारेबाबा येऊन बसले होते. बराच वेळ त्यांनी माझी धडपड बघितली.

"आमच्याकडे करून टाका मॅडम," ते म्हणाले. "जागा कशी सपाट आहे. कुठे चढ नाही, उतार नाही."

"आबा, सपाट आहे म्हणूनच होत नाही. पाणी थांबणार कशाच्या आधाराने?"

त्यांनी आपल्या सपाट रानाकडे एकदा बघितलं. त्यांना माझं म्हणणं पटलं नाही. रानाच्या सपाटपणाला कोणी नाव ठेवावं, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत असावं. निघताना मात्र त्यांनी एक केळ्यांची फणी जीपमध्ये ठेवली आणि नको म्हणायला वेळच दिला नाही.

अमळनेरवरून आम्ही पश्चिमेला निघालो. कापूस वेचून झाला होता. उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधाबांधावर रचलेले होते. गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागल्या होत्या. दुपारी एका ढाब्यावर शेवभाजी मागवली. "तिखट कमी टाका," मी सांगितलं. "कमीच टाकतो," मालक म्हणाला. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्या घासाला नाकातून. एकनाथभाऊंनी शांतपणे आपला कांदा माझ्या ताटात सरकवला आणि म्हणाले, "ही कमीच आहे मॅडम." त्या दिवसातलं त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

नरडाण्याला पोहोचेपर्यंत सूर्य कलला होता. औद्योगिक वसाहतीतल्या पाळीवरून सुटलेले कामगार सायकली आणि मोटारसायकलींवरून घरी चालले होते. लॉजच्या मॅनेजरने माझं नाव लिहून घेतलं आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"साहेब मागून येताहेत का?"

"साहेब मीच."

"बरं बरं," तो म्हणाला आणि किल्ली दिली. खोलीत दोन पलंग होते. मी एकावर झोपले आणि दुसऱ्यावर यंत्र, नकाशांची गुंडाळी आणि केळ्यांची फणी ठेवली. खालच्या खानावळीत सगळी टेबलं चौघांची होती. मी एका टेबलाशी जेवले. भिंतीवर टीव्ही चालू होता, पण त्याचा आवाज कोणीतरी बंद करून ठेवला होता.

दुसरी जागा सकाळी बघून टाकली. गावाला लागूनच, दोन बुटक्या टेकड्यांच्या मधला नाला. खडक चांगला, एकसंध. पण टेकड्या एकमेकींपासून लांब. भिंत लांबलचक बांधावी लागली असती, आणि मागे साठा बेताचाच झाला असता. एखादी जागा बघताक्षणी आवडते, तशी ही नव्हती. हिच्यात खोट काढता येत नव्हती आणि कौतुकही करता येत नव्हतं. मी मोजमापं घेतली, दगडाचे तुकडे पिशवीत भरले आणि पुढे निघाले.

तिसऱ्या जागेकडे जाताना रस्ता हळूहळू चढू लागला, गावं मागे पडली, आणि त्या भिंती दिसू लागल्या.

धुळ्याकडचे डोंगर ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांना हे सांगायला हवं. इथे माळावरून काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंती सरळ रेषेत गेलेल्या दिसतात. वाटतं, कुठल्यातरी राजाने तट बांधायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला. पण त्या कोणी बांधलेल्या नाहीत. फार पूर्वी जमिनीला भेगा पडल्या, खालचा तप्त रस त्यांत चढला आणि तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण दगड उभा राहिला. अशाच एका भिंतीला एका जागी खिंडार पडलेलं होतं आणि त्यातून नाला बाहेर येत होता. खिंडारात उभी राहिले आणि आत बघितलं. समोर परातीसारखी गोल दरी पसरली होती. कडेला पळस नुकतेच फुलू लागले होते. धरणाची जवळजवळ सगळी भिंत निसर्गानेच उभी करून ठेवली होती. मधलं दार तेवढं बंद करायचं. इतक्या वर्षांत इतकी सुंदर जागा मी पाहिली नव्हती. हे कोणाला तरी म्हणावं म्हणून मी वळले, पण एकनाथभाऊ खाली जीपपाशी राहिले होते.

मग मला घर दिसलं. दरीच्या तळाशी, एका कडुनिंबाखाली, कुडाच्या भिंतींचं, पत्र्याचं एकच घर. पुढे हरभऱ्याचा तुकडा, थोडी वांगी, चार-दोन शेळ्या. बुडीत क्षेत्रात घर दिसलं की माझी मान आपोआप खाली जाते. पुढे काय होतं ते मला माहीत असतं. कोणी शिव्या देतं, कोणी पाया पडतं, कोणी चहा देऊन गप्प बसतं. मला त्यातलं शेवटचं सगळ्यात जड जातं.

दरीत उतरताना माझ्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. पावलागणिक तो फटफट वाजू लागला. त्या शांत दरीत तो आवाज इतका मोठा वाटत होता की घरातली बाई बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मी तिच्यापर्यंत पोहोचेतो हसत राहिली.

"कोठेन उनी व माय?" (कुठून आलीस गं बाई?)

"पुण्याहून."

"एकलीच?"

"ड्रायव्हर आहेत. खाली, गाडीजवळ."

तिचं नाव सुपडाबाई. सत्तरीच्या आसपासची, उंच, हाडापेराने मजबूत, नऊवारी घट्ट नेसलेली. मी तिला अक्का म्हणू लागले. तिने मला बाजेवर बसवलं, बूट काढायला लावला, घरातून सुतळी आणली आणि तळाला आडवेतिडवे वेढे घालू लागली. वेढे घालता घालता, वर न बघताच तिने विचारलं, "आठे धरन करतस का?" (इथे धरण करताय का?)

"अजून काही ठरलं नाही अक्का. नुसतं बघायला आलेय," मी म्हणाले. हे वाक्य मी इतक्या दारांत म्हटलं आहे की आता त्याला चवच उरलेली नाही.

तिने गाठ आवळली. "करा. चांगली जागा शे." (चांगली जागा आहे.)

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बठ्ठं बुडी जाई का?" (सगळं बुडेल का?)

आता खोटं बोलून उपयोग नव्हता. मी निंबाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं. "तिथपर्यंत पाणी येईल."

ती त्या शेंड्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चांगलं शे."

तिने मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या घालून भरीत ठेचलं, आणि कळण्याच्या भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या) थापल्या. तिचा मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात होता. सून, दोन नाती तिकडेच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. जवळचं गाव टेकडीपलीकडे. तिथला एक पुतण्या अधूनमधून दळण आणून देई.

"मग तुम्ही सुरतेला का जात नाही?"

"वावर शे ना," ती म्हणाली. शेत आहे ना. जणू एवढ्यात सगळं आलं.

"नाल्यात पाणी किती दिवस राहतं अक्का?"

"होयीलोंग ऱ्हास." (होळीपर्यंत राहतं.) "औंदा पानीच कमी पडनं, म्हनीसन नही दिखस." यंदा पाऊसच कमी झाला, म्हणून दिसत नाही. तिने माझ्या ताटात आणखी भरीत वाढलं आणि विचारलं, "तुना घर कोन शे?" (तुझ्या घरी कोण आहे?)

"कोणी नाही."

"कोनीच नही?"

"कुलूप आहे," मी म्हणाले.

ती मोठ्याने हसली. "मना घरले कुलूप बी नही." (माझ्या घराला कुलूपही नाही.)

निघाले तेव्हा मी खुशीत होते, हे कबूल केलं पाहिजे. जागा सुंदर होती, आणि जिचं घर बुडणार तीच बुडवा म्हणत होती. असं भाग्य आमच्या धंद्यात कोणाच्या वाट्याला येत नाही.

राहिली होती ती फक्त परीक्षा. मी येण्याच्या आधीच खडक खोदणारं यंत्र आणून कामगारांनी खिंडाराच्या दोन्ही बाजूंना खडकात खोल भोकं पाडून ठेवलेली होती. त्यांत पाणी भरायचं आणि पातळी बघत बसायचं. खडक घट्ट असेल तर पाणी जागच्या जागी राहतं. दुसऱ्या दिवशी एकनाथभाऊंनी गावातून टँकर आणवला. नळी भोकात सोडली, पाणी सुरू झालं. आम्ही वाट बघू लागलो.

भोक भरेना. टँकरवाला वाकून आत बघू लागला. खालून बाटली रिकामी होताना येतो तसा गुडगुड आवाज येत होता.

"मॅडम, हे चाललंय कुठे?"

मी भिंतीच्या कडेकडेने चालत गेले. जवळून बघितल्यावर ती एकसंध नव्हतीच. विटा रचून ठेवाव्यात तसे दगडाचे तुकडे एकमेकांवर होते, आणि मधल्या फटींत माझी पट्टी सहज आत जात होती. दुसऱ्या बाजूचं भोक भरून बघितलं, तिथेही तेच. मग मी नाल्याच्या डोहात उतरले. पाणी महिनोन्‌महिने साचत असेल तर डोह ते लपवू शकत नाही. कडेला लव्हाळा उगवतो, दगडांवर शेवाळाची वाळलेली रेघ राहते, चिखलात गोगलगाईंचे शंख सापडतात. इथे यांतलं काहीच नव्हतं. या वर्षाचंच नाही, कुठल्याच वर्षाचं. स्वच्छ, कोरडे, गोल गोटे. पाणी इथे यायचं आणि निघून जायचं.

वर बघितलं तर पलीकडच्या उतारावर अक्का शेळ्या घेऊन उभी होती. आम्ही टँकरचं पाणी सोडायला घेतलं तेव्हापासून ती तिथेच होती. मी हात हलवला. तिने हलवला नाही.

त्या संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर मी एकटी बसून राहिले. मनात एक वाक्य घोळत होतं. 'योग्य उपचारानंतर जागा वापरण्याजोगी आहे.' हे वाक्य खोटं नसतं. फटींत सिमेंटचं पाणी दाबून भरता येतं. कधी फटी बुजतात, कधी नाही. तिसरी जागा मोठी होती, वरच्यांना तीच हवी होती. कोणी उलट विचारलं नसतं. धरण झालं असतं, पहिल्या पावसाळ्यात तुडुंब भरलं असतं, फोटो निघाले असते. आणि चैत्र-वैशाखात, गावांना खरी गरज असते तेव्हा, परात रिकामी झाली असती. तोवर अक्का सुरतेला नातींजवळ असती.

इतकी वर्षं लोकांनी मला विनवण्या केल्या त्या 'इथे करू नका' म्हणून, आणि मी तांत्रिक कारणं सांगत त्यांना बुडवत आले. आता एक बाई 'इथेच करा' म्हणत होती, आणि तांत्रिक कारणं तिच्या विरुद्ध होती. शेजारच्या खोलीतले कामगार पत्ते खेळत मोठ्याने हसत होते. मला त्या क्षणी कोणाशी तरी भांडायला हवं होतं. कोणी म्हणायला हवं होतं, 'वेडी आहेस का? असं लिहितात का?' ते मलाच म्हणावं लागलं.

अहवाल पुण्याला जाऊन लिहिता आला असता. अक्काला काही न सांगता निघून जाता आलं असतं. सगळे तसंच करतात. पण ती त्या उतारावर उभी राहून वाट बघत राहील, हे मला सोसेना. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मी पुन्हा दरीत उतरले.

अक्का ओसरीत हरभरा सोलत बसली होती. मी बाजेवर न बसता तिच्यासमोर खालीच बसले.

"अक्का, इथे धरण होणार नाही."

तिचे हात चालूच राहिले. "कसाले?"

"पाणी थांबत नाही. भिंतीतून निघून जातं."

"मी तुले सांगनू ना. होयीलोंग ऱ्हास."

"नाही राहत, अक्का."

तिने सोललेला हरभरा सुपात टाकला. आणखी एक घाटा उचलला, हातात फिरवला, आणि खाली ठेवला.

"नही ऱ्हास," ती म्हणाली. "दिवाईलोंग बी नही ऱ्हास. मी खोटं बोलनू." दिवाळीपर्यंतसुद्धा नाही राहत.

मला राग आला नाही. उलट मीच काहीतरी हिसकावून घेतलं आहे, असं वाटलं. तेवढ्यात घरात फोन वाजला. तिने तो आणला, कानाला लावला, आणि "ती धरनवाली बाई उनी शे, तिलेच इचार" म्हणून सरळ माझ्या हातात दिला.

पलीकडे तिचा मुलगा होता. मागे यंत्रांची धडधड चालू होती.

"नमस्कार मॅडम. आईने सांगितलं, धरण नक्की झालं. आम्ही दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय. आजीची खाट कोणाच्या खोलीत टाकायची, त्यावरून पोरी भांडताहेत." तो आनंदाने बोलत होता. "किती दिवसांत सोडावं लागेल आईला?"

मी त्याला सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा यंत्रांच्या आवाजात त्याला ऐकू आलं नाही. 

"मग ती येत नाही," तो म्हणाला. "दर वर्षी न्यायला येतो मी. वावर कोण बघेल, म्हणते. मी म्हणतो पडीक राहू दे. ऐकत नाही. म्हणून धरणाचं ऐकून बरं वाटलं होतं, मॅडम. वाईट वाटायला पाहिजे, पण बरं वाटलं होतं."

मी फोन परत दिला. तिने कानाला न लावताच बटण दाबून तो बाजूला ठेवला. म्हणजे मुलगा नेत नव्हता असं नाही. तिलाच जाता येत नव्हतं.

"ती टाली दिखस का?" तिने शेताच्या कडेकडे बोट केलं. तिथे दगडांचे मोठाले ढीग होते, माणसाच्या उंचीचे, बांधभर. "तेनी येची येची कयं हाई वावर." तिच्या नवऱ्याने एकेक दगड वेचून हे शेत केलं होतं. "ते मी कशी सोडी देऊ? पानी उनं व्हतं, तर पानीनं लीधं व्हतं. मग माले कोन बोलतं?" (पाणी आलं असतं, तर पाण्याने घेतलं असतं. मग मला कोण बोललं असतं?)

"तुम्ही गेलात तरी कोणी बोलणार नाही, अक्का."

"मी बोलसू ना," ती म्हणाली. "माले मीच बोलसू." (मला मीच बोलेन.)

 आम्ही दोघी अंधार पडू लागेपर्यंत हरभरा सोलत बसलो. एका शेळीला कधीही पिल्लू होईल, असं ती मध्येच म्हणाली. मी हो म्हणाले.  उठताना मी तिचा नंबर माझ्या फोनमध्ये घेतला. कशासाठी ते तिने विचारलं नाही, आणि मलाही सांगता आलं नसतं.

सकाळी खिंडारापाशी राहिलेलं सामान उचलून आम्ही जळगावला परत निघालो. दरीची वाट जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे अक्का उभी होती. एकनाथभाऊंनी न सांगता जीप थांबवली. तिने फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि भरीत खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलं.

"आम्ही नरडाणा स्टेशनवरूनच जातोय," मी म्हणाले. "सुरतेची गाडी तिथूनच मिळते. बसा, सोडते."

तिने जीपमधल्या रिकाम्या सीटकडे बघितलं. खरंच बघितलं, एक हात दाराला लावला होता.

"आज नही," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.

जीप निघाली. मी मागे बघितलं तेव्हा ती वळून दरीच्या वाटेला लागली होती. ती भरभर चालत होती, जणू कोणीतरी घरी तिची वाट बघत होतं. बराच वेळ गेल्यावर एकनाथभाऊ म्हणाले, "माझी आई पण अशीच होती."  भाकरी आम्ही अमळनेरच्या अलीकडे एका झाडाखाली बसून खाल्ल्या.

पुण्याला येऊन अहवाल लिहिला. नशिराबादची जागा: खडक फार खोल, अयोग्य. नरडाण्याकडच्या दोन जागांपैकी गावालगतची: साठा कमी, पण पाणी टिकणारं, हीच घ्यावी. दरीची जागा: पाणी धरत नाही, घेऊ नये. तिच्यापुढे उपचाराचं ते वाक्य मी लिहिलं नाही. वरून एकदा फोन आला, मोठी जागा का सोडली म्हणून. मी कारण सांगितलं. काही दिवसांनी गावालगतची जागा मान्य झाल्याचं कळलं. तिथल्या गावांना पाणी मिळेल. कमी, पण उन्हाळ्यात मिळेल.

त्या संध्याकाळी मी अक्काचा नंबर लावला. फोन एका मुलीने उचलला.

"अक्का आहेत का?" मी गोंधळून विचारलं.

"आजी गॅलरीत बसलीय. कोण बोलतंय सांगू?"

गॅलरीत. मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. "सांग, धरणवाली बाई," मी म्हणाले.

मुलीने हाक मारली. लांबून अक्काचा आवाज आला, शेळ्यांना हाक मारायचा तोच खणखणीत आवाज. "तिले सांग, माले कोनी लई नही उना. मनी मी उनू!"

"आजी म्हणते, मला कोणी आणलं नाही, माझी मी आले," मुलीने भाषांतर केलं आणि हसली. शेळीला दोन पिल्लं झाली, ती सगळी पुतण्याला दिली, हरभरा काढून झाला, आणि एका सकाळी आजी एकटीच गाडीत बसून आली, असं तिने सांगितलं. स्टेशनवरून तिने वडिलांना फोन केला तेव्हा ते कामावर होते. यंत्र तसंच चालू टाकून धावत गेले. "पण रोज रात्री आजी स्वतःलाच रागावते," मुलगी हळूच म्हणाली. "वावरावरून."

"रागावू दे," मी म्हणाले. "थोडे दिवस."

अक्का फोनवर आली नाही. तिला फोनवर बोलायला आवडत नाही, असं मुलगी म्हणाली. मग मी फोन ठेवला.

मी बऱ्याच दऱ्या पाण्याखाली गेलेल्या पाहिल्या आहेत. पुन्हा त्या वाटेने गेले की काठावर थोडा वेळ थांबते. तिथे निदान पाणी असतं, बगळे येतात, कोणी गळ टाकून बसलेलं असतं. ही एकच दरी अशी, जी पाण्यावाचून रिकामी झाली. निंब असेल, दगडांचे ढीग असतील, खिंडारातून वारा आत जाऊन बाहेर येत असेल. तिथे कोणी राहत होतं, हे आता टेकडीपलीकडच्या गावाला, सुरतेतल्या एका घराला आणि पुण्यातल्या मला माहीत आहे. मला वाटलं होतं, ती सुटली म्हणून मला हलकं वाटेल. वाटलंही. पण त्याच वेळी, दिवेलागणीला घरात एकटीच उभी असताना, तिचा मला हेवा वाटला. तिला सोडायला अवघड जाईल असं काहीतरी होतं, आणि ते सोडून ज्यांच्याकडे जायचं ती माणसंही होती. मी दिवा लावला. खिडकीतून समोरच्या इमारतीतली घरं दिसत होती, एकेक करून उजळत जाणारी, आणि मी ती बराच वेळ बघत राहिले.